जावळाला या, भैनीला सांगू नका

माणसं परगावाला निघाली की पिशवीत चिवडा घेतात, पाण्याची बाटली घेतात, चार्जर घेतात. माझ्या पिशवीत काय होतं सांगू? लेकराचा जन्माचा दाखला, डोस दिल्याचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो. फोटोत शंभूनं कुत्र्याची शेपटी धरलीया आणि कुत्र्याचं नुसतं बूड आलंय, तोंड न्हाय. शंभूचं तोंड नीट आलेला तेवढाच फोटो होता माझ्याकडं. पुढं जिथं जिथं दाखवला तिथं तिथं पहिलं हेच इचारलं, "हे काय हाय?" मी म्हणायची, "ते कुत्रं हाय साहेब. पोरगं हिकडलं."

आमच्या बचत गटातल्या बाया म्हणल्या, सवे, तू एवढी फिरून आलीस तर लिहून काढ, कुणावर अशी पाळी आली तर वाट तरी ठावी पाहिजे. माझी शाळा सातवीपर्यंत. चुकलं तर सावरून घ्या. आणि एका दमात वाचा, मी बी एका दमातच गेल्ते.

तामलवाडी, शनिवार

तामलवाडी माझं माहेर. दोन महिन्यामागं आमच्या ह्यांनी माझ्यावर हात उचलला, तवा मी शंभूला काखेत मारलं आणि दादाकडं निघून आले. 'आमचे हे' म्हणायचं का न्हाय ते आता कोर्ट ठरवंल, तवर म्हणते. शंभू माझं पोरगं, तीन वर्षाला एक महिना कमी. जावळ काढलेलं नव्हतं म्हणून मी त्याच्या दोन येण्या घालायची, आणि गावातली निम्मी माणसं त्याला ताई म्हणायची. तो पाय आपटून सांगायचा, "ताई न्हाय, मी शंभू हाय!"

शनिवारी सकाळी हे मोटरसायकलवर आले. लई गोड बोलले. इतकं गोड बोलतात म्हणजे काहीतरी हाय, हे मला तवाच कळायला पाहिजे होतं. म्हणले, "लेकराला बिस्किटाचा पुडा घेऊन देतो, आलोच." मी म्हणलं जाऊ दे, बाप हाय. माझ्या तव्यावर भाकर होती. ती फुगली, उतरवली, दुसरी टाकली, ती बी उतरवली. दुकान आमच्या दारातनं दिसतंय. दुकानापुढं मोटरसायकल न्हाय. सहावी भाकर जळाली तिचा वास दादाला गोठ्यात गेला, तो पळत आला तर मी तव्यापुढं न्हाय, मी रस्त्यावर अनवाणी, एका हाताला पीठ.

फोन लावला, बंद. संध्याकाळी एकच मेसेज आला, 'पोरगं माझं बी हाय.' मी तो मेसेज इतक्या वेळा वाचला की मोबाईलची बॅटरी संपली.

वन्संला फोन लावला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, परंड्याकडं शेतात वस्ती करून राहतात. सासू न्हाय मला, सासूचं सगळं वन्सं बघतात. त्या म्हणल्या, "आमच्याकडं न्हाय बाई शंभू. कुठं गेला असंल गं?" आणि मागनं एक लेकरू ओरडलं, "शंभू हाय मी!" न्हाय, खोटं सांगते, असं काही ऐकू आलं न्हाय. पर सहा दिवस मला सगळ्या फोनात तेच ऐकू यायचं.

रविवारी पहिल्या ज्या ठिकाणी तक्रार घेऊन गेलो ते कुठलं ते सांगत न्हाय, कारण तिथल्या साहेबानं चहा पाजला. साहेब म्हणले, "बापानंच नेलंय ना? मग हरवलं कुठं?"

म्या म्हणलं, "साहेब, मला सापडंना, म्हणजे हरवलंच की."

"हा तुमचा घरगुती मामला हाय."

दादानं मान डोलावली. माझा दादा ज्ञानबा अंगानं बैलासारखा दणकट हाय, पर खाकी दिसली की कशाला बी मान डोलावतो. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणलं, "तू कुणाच्या बाजूनं आल्तास?" तर म्हणतो, "मान आपोआप हालती गं."

तुळजापूर, सोमवार

तुळजापूरला माणसं देवीला जातात, मी कोर्टात गेले. तिथं गरीब बायांसाठी फुकट वकील मिळतो असं गटातल्या एकीनं सांगितलं होतं. वकीलबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षानंच मोठी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, डबा खात होती. तिनं डबा झाकला न्हाय, अर्धी चपाती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रडत रडत खा, पर खा. किती शिकलीस?"

"सातवी."

"मग लिहिता येतंय. लिही. किती वाजता नेलं, अंगात काय होतं, गाडीचा नंबर काय."

मी लिहिलं. वकीलबाईनं अर्जाची दुसरी प्रत काढायला लावली आणि सांगितलं, जिथं अर्ज देशील तिथं ह्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, शिक्का मिळाल्याबिगर खुर्चीवरनं उठायचं न्हाय. हे मला लई आवडलं. तोवर मला वाटायचं शिक्का म्हणजे साहेबाची मर्जी. आणि नवऱ्याचा फोन लागलाच तर शिव्या द्यायच्या न्हायत. लेकरू जेवलं का, झोपलं का, एवढंच इचारायचं. हे अवघड होतं. मला पाठ असलेल्या शिव्या मी वकीलबाईला म्हणून दाखवल्या, म्हणजे परत त्या तोंडाला येणार न्हायत. वकीलबाईनं दोन लिहून घेतल्या.

मग म्या हळूच इचारलं, "बाई, आमी दहा जण घेऊन गेलो आणि उचलून आणलं तर?"

"मग पुढच्या आठवड्यात तो वीस जण घेऊन येईल. लेकरू म्हणजे रस्सीखेचीची दोरी हाय का? कोर्ट एवढं लहान लेकरू शक्यतो आईजवळच ठेवतं. शक्यतो म्हणजे आपोआप न्हाय. तू बी उचललंस तर तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय दाखवू मी?"

दादानं टेम्पो सांगूनच ठेवला होता. हळूच बाहेर जाऊन रद्द करून आला.

वकीलबाईनं धाराशिवच्या लेकरांच्या ऑफिसाला, म्हणजे बालकल्याण समितीला, चिठ्ठी दिली, ती माणसं गुरुवारी बसतात म्हणाली. बाहेर पायरीवर बसून मी रडत होते तर कर्नाटकातनं आलेली एक म्हातारी देवीचं दर्शन करून निघालेली, ती माझ्यापुढं उभी राहिली, "अळबेड, अळबेड," म्हणाली आणि माझ्या हातात पेढा दिला. तिचं मला कळंना, माझं तिला कळंना. रडू नको म्हणत असंल. शंभूला पेढा म्हणजे जीव की प्राण, म्हणून मी तो खाल्ला न्हाय, कागदात गुंडाळून पदराच्या गाठीत बांधला. म्हणलं, लेकरू भेटल्यावर पहिला हा देईन.

धाराशिव, गुरुवार

पाटीवर धाराशिव, माणसांच्या तोंडात निम्म्या टायमाला उस्मानाबाद, कंडक्टर दोन्ही ओरडतो म्हणजे कुणी चुकत न्हाय. लेकरांच्या ऑफिसात तीन माणसं टेबलामागं बसली होती. त्यांनी माझं सगळं ऐकलं, कुत्र्याचं बूड बघितलं, शिक्का मारला. आणि इचारलं, "पत्ता?"

इथंच सगळं अडलं. ह्यांच्या गावच्या घराला कुलूप. दोस्त बार्शीत बी हायेत, पुण्यात बी हायेत. वन्सं न्हाय म्हणलेल्या. टेबलामागची मॅडम म्हणाली, "आम्ही मुलाला हजर करायचा कागद काढतो. पण कागद घेऊन जायचं कुठं?"

आमी दोघं ऑफिसाच्या आवारात झाडाखाली बसलो. दादाला भ्या वाटलं की त्याला गोड लागतंय, त्यानं कोपऱ्यावरनं गुलाबजाम आणले होते. एक तोंडात टाकला आणि फोन वाजला. ट्रॅक्टर चालवून त्याचा एक कान गेलाय, म्हणून तो फोन कायम स्पीकरवर ठेवतो. आता तुमी नीट वाचा, कारण दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे खोटं वाटंल.

"ज्ञानबा पाव्हणं, मी शंभूची आत्या बोलते."

वन्सं! दादाच्या तोंडात गुलाबजाम. "ह्म्म."

"उद्या वस्तीवर शंभूचं जावळ हाय. मामाच्या मांडीबिगर जावळ काढायचं व्हय? आमच्यात असलं कधी झालं न्हाय. तुमी दहाच्या आत या. कपडे आणा, टोपी आणा. परवा भाऊ त्याला घेऊन सुरतला निघालाय, तिकडं नोकरी लागलीया, तवर उरकायचंय."

"ह्म्म."

"पर एक सांगते. भैनीला सांगू नका."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की गुलाबजाम सबंध आत गेला. "भैनीला? न्हाय न्हाय. भैनीचा काय संबंध?"

"शेजारी कोण हाय तुमच्या?"

"हितं? हितं..." दादाला खोटं बोलता येत न्हाय. "हितं माश्या हायेत."

फोन ठेवला. मी हसत होते का रडत होते ते मला सांगता येणार न्हाय. सहा दिवस लपवलेलं लेकरू, आणि बोलावलं कुणाला तर त्याच्या आईच्या भावाला! पर वन्संचं बरोबरच होतं. लेकरू लपवणं हे त्यांच्या भावाचं काम, जावळ नीट काढणं हे त्यांचं काम. जावळ मामाच्या मांडीवर, केस आत्याच्या पदरात. शिवाय वन्संच्या घरात एक नेम लई कडक हाय. केस काढून झाले तरी मामानं आणलेले नवे कपडे अंगात घातल्याबिगर लेकराला मांडीवरनं उठवायचं न्हाय. आमच्या तामलवाडीकडं असलं काही न्हाय, आमच्याकडं मामा निम्म्यातच उठून तंबाखू खाऊन येतो. पर वन्संच्या नातीच्या जावळात मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. मामानं फ्रॉक आणला तो डोक्यातनंच जाईना. परंड्याहून दुसरा आणस्तोवर वन्संनी त्या मामाला दीड तास बसवून ठेवलं होतं.

आणि हे आठवलं तशी मी उठून उभी राहिले.

आत जाऊन सांगितलं तर टेबलामागची तिन्ही माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. कागदावर तिघांबरोबर मोठ्या साहेबाची सही लागती, ते बाहेरगावी, उद्या दहाला येणार. सोबतीला पोलिसातल्या शमीम मॅडम दिल्या. पन्नाशीच्या जवळच्या, तीन लेकरांची आई, कमरंला वायरलेस आणि पर्समधी अद्रकाच्या वड्या. त्या म्हणल्या, "सही दहाला, जावळ बी दहाला. आपण पोचेपर्यंत जावळ आटपून पोरगं निघालं तर?"

म्या म्हणलं, "दादा पहिल्या गाडीनं जाईल मॅडम. पर रिकाम्या हातानं."

"मतलब?"

"कपडे माझ्याकडं राहतील."

मी नेम सांगितला. शमीम मॅडमनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं. "तू सातवीच शिकली ना?"

"व्हय."

"बरं झालं. आणखी शिकली असतीस तर आमची नोकरी गेली असती."

दादाचा चेहरा मात्र उतरला. "आणि मला लघवीला लागली तर?" असं त्यानं इचारलं. ह्याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

येडशी, शुक्रवार

सही साडेदहाला झाली. पोलिसांची गाडी दुसऱ्या कामाला गेलेली म्हणून आमी एसटीनं निघालो. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत निळा शर्ट, चड्डी आणि गोंड्याची लाल टोपी. मॅडमच्या पर्समधी कागद. येडशीच्या अलीकडं डोंगर लागला, झाडी लागली, आणि फाट्यावर एसटीचं टायर बसलं.

ड्रायव्हर खाली उतरला, टायरला लाथ मारली, परत वर येऊन बसला. मी म्हणलं, आता माझा बी जीव इथंच बसणार. तेवढ्यात दादाचा फोन, अगदी बारीक आवाजात.

"सवे, केस काढले. शंभू लई रडला आणि आता माझ्या मांडीवर झोपलाय. ते कपडे मागायलेत."

"मग तू काय म्हणलास?"

"एसटीनं येतायत म्हणलं."

"कोण आणतंय म्हणले न्हायत?"

"म्हणले. मी परत म्हणलं, एसटी." मग आणखी बारीक आवाजात, "दाजी मला पाणी पाजायलेत गं. तिसरा तांब्या झाला. वर चहा. त्यांना कळलंय मी कशानं उठंन ते."

मी फोन छातीला धरून तशीच झाडाखाली उभी. रामलिंगाच्या देवळाकडली वानरं रस्त्यापर्यंत येतात हे लहानपणापासनं ठावं असून मी पिशवी खाली ठेवली. एक दांडगं वानर आलं, पिशवीत हात घातला, माझ्यादेखत टोपी निवडून काढली, डोक्यावर न्हाय, पायावर घालून बघितली आणि झाडावर. शमीम मॅडम काठी घेऊन मागं, "ए! ए! सरकारी काम हाय!" वानर सरकारला भ्यालं न्हाय. ते खाली आलं तर त्याची नजर माझ्या पदराच्या गाठीवर. पेढा! पाच दिवस जपलेला शंभूचा पेढा. ते पुढं पुढं, मी मागं मागं, आणि त्यानं पदराला हात घातला तसं मला काय झालं कुणाला ठावं, मी गाठ सोडली आणि पेढा कागदासकट माझ्याच तोंडात टाकला.

वानर माझ्याकडं बघत राहिलं. मॅडम बी.

कागद थुंकला, पेढा गिळला. कालपासनं पोटात काही नव्हतं, खरं सांगते, लई गोड लागला. आणि मग मी जी रडायला लागले ती बार्शीची दुसरी एसटी मॅडमनं हात करून थांबवली तरी थांबले न्हाय.

परंड्याच्या पुढं, वस्तीवर

प्रवासाला गेलेलं माणूस परंड्यात किल्ला बघतंय. मी बी बघितला, जीपच्या खिडकीतनं, जेवढा वेळ तो खिडकीत राहिला तेवढा. मोठा हाय. वाटंत ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, तुरी पिवळ्या होत्या, आणि मी मनात म्हणत होते, दादा, दाबून धर.

जीप परंड्याच्या ठाण्यातनं मिळाली होती. वस्तीच्या अलीकडं ती उभी केली आणि आमी चालत गेलो.

बांधावर देवाचा शेंदूर लावलेला दगड, त्याच्यापुढं लिंबाची सावली, पर ती सावली केव्हाच सरकून बाजूला गेलेली. उन्हात पोत्यावर मांडी घालून माझा दादा. चेहरा लाल, मिशा घामानं चिकटलेल्या, भोवती पाच रिकामे तांबे आणि चहाच्या कपांची रास. केस काढणारा वारीक आपली पेटी बांधून कवाचा निघून गेलेला. वन्सं पदराची झोळी तशीच धरून उभ्या, झोळीत शंभूचे केस. हे मोटरसायकलला टेकून, दर घडीला घड्याळ बघत. आणि दादाच्या मांडीवर एक गोल गोटा झालेलं पोरगं, तोंड उघडं टाकून झोपलेलं.

मी येण्या शोधल्या. एक घडी मला वाटलं हे माझं न्हायच. मग त्यानं झोपेत पाय आपटला.

हे दादाजवळ येऊन म्हणत होते, "आक्का, बास झालं आता. मी उचलतो त्याला. सुरतची तयारी करायचीया."

"हात लावू नको!" वन्सं कडाडल्या. "कपडे यायचेत. अर्धं जावळ घेऊन पोराला परमुलखात न्यायचं व्हय?"

"अगं पर कपडे आणतंय कोण?"

"एसटी," दादा म्हणाला.

तवा मी बांधावर चढले. ह्यांच्यापुढं आपल्या पायानं उभं राहायला दोन महिन्यात पहिल्यांदा आले, मागं शमीम मॅडम नसत्या तर आले नसते, हे बी लिहून ठेवते. वन्संनी मला बघितलं, माझ्या हातातली पिशवी बघितली, आणि काय म्हणल्या माहीत हाय?

"किती उशीर! काढ कपडे."

"आक्का!" हे ओरडले. "तू हिला बोलावलंस?"

"म्या मामाला बोलावलं. हिला बोलावलं न्हाय. तिची ती आलीया." आणि मला, "टोपी कुठाय?"

"वानरानं नेली, वन्सं."

"काय बी सांगती."

शमीम मॅडम पुढं झाल्या. "नेली. मी बघितलंय. पोलिसाची साक्ष हाय."

वन्संनी मॅडमची वर्दी बघितली, मग भावाकडं, मग माझ्याकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. तरी आधी शर्टाची बटणं लावून घेतली, वरपासनं खालपर्यंत, एक बी सोडलं न्हाय. मग केसांची झोळी कमरंला खोचली आणि म्हणल्या, "झालं. आता काय करायचंय ते करा."

दादानं शंभूला माझ्या मांडीवर ठेवलं, उठायला गेला आणि आडवाच झाला. दोघांनी धरून उभा केला. एक पाय मेलेला, एक पाय अर्धा, असा तो तुरीच्या रानाकडं जो पळाला तो बराच वेळ दिसला न्हाय.

मॅडमनं कागद वाचून दाखवला. ह्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग म्हणले, "मॅडम, पोरगं माझं न्हाय का?"

"तुझं हाय की. कुणी न्हाय म्हणलं? पर पोरगं म्हणजे मोटरसायकल न्हाय, चावी ज्याच्या हातात त्यानं न्यायची. तुला जे म्हणायचं ते ऑफिसात म्हण, तिथं तुझं बी ऐकतात."

आणि हे रडले. मोटरसायकलच्या सीटवर डोकं ठेवून. मला वाटलं होतं असं बघून मला बरं वाटंल. वाटलं न्हाय. राग बी गेला न्हाय. दोन्ही खरं हाय.

तवा शंभू जागा झाला. माझ्याकडं बघितलं, लई वेळ बघितलं, जणू मीच डोकं भादरून आलीया. मी म्हणलं आता हा गळ्यात पडंल, का वळखणारच न्हाय. सहा दिवस मी ह्याच घडीला भीत होते. तर त्यानं हात पुढं केला.

"पेढा आणलास?"

मला कळंना. ह्यांनी मान खाली घातली. वन्सं हळूच म्हणल्या, "रोज रडायचा गं. मग भावानं सांगितलं, आई तुळजापूरला पेढा आणायला गेलीया. तवापासनं रस्त्याकडं तोंड करून बसायचा."

पेढा माझ्या पोटात होता. सगळ्या जगात शंभूचा एकच पेढा होता आणि तो मी येडशीच्या फाट्यावर खाल्लेला. मी म्हणलं, "वानरानं खाल्ला बाळा." शमीम मॅडमनं ह्या साक्षीला मात्र तोंड फिरवलं.

वन्संनी जेवल्याबिगर कुणाला हालू दिलं न्हाय. जावळाचं जेवण पोळी आणि गुळवणी. आमच्याकडं गुळवणी पातळ करतात, तिकडं दाट, भांड्याच्या बुडाला बसणारी. माझ्यापासनं लेकरू लपवलेल्या घरात मला दोनदा वाढलं. शमीम मॅडमला वन्सं म्हणल्या, "तुमाला चालतंय ना आमच्यातलं?" मॅडम म्हणल्या, "गोड असल्यावर कुणाचं बी चालतंय." ह्यांच्या ताटात वन्संनीच पोळी टाकली आणि डोक्यावर टपली मारली.

परत तुळजापूर

धाराशिवच्या ऑफिसात दोघांचं ऐकून घेतलं. कोर्टाचं होईस्तोवर शंभू माझ्याजवळ. दर रविवारी ह्यांनी भेटायला यायचं, वकीलबाईंनी ठरवलेल्या जागी, दादाच्या देखत. सुरतला एकटे गेले न्हायत, इकडंच काम बघतायत. दोनदा येऊन गेले. एकदा बिस्किटाचा पुडा आणला होता. मी पुडा बघितला आणि शंभूला कडेवर घेतलं. मग स्वतःच म्हणले, "हितंच बसून खाऊ." ते ठीक झालं.

पर त्या दिवशी धाराशिवच्या ऑफिसातनं येताना तुळजापूरला एसटी बदलायची होती. मी शंभूला कडेवर घेऊन पेढ्याच्या दुकानात गेले आणि त्याच्या हातात दिला एक, चांगला मोठा. म्हणलं, घे बाबा, आणला एकदाचा.

त्यानं पेढा मुठीत धरला. दुसऱ्या मुठीत माझा पदर. तामलवाडीपर्यंत खाल्ला न्हाय. पेढा घामेजला, बोटातनं बाहेर आला, नव्या शर्टाला लागला. दादा म्हणाला, "खा की रं, न्हायतर मी खातो." तर त्यानं मूठ पाठीमागं नेली.

"का खात न्हाईस शंभू?" म्या इचारलं.

"संपंल."

"संपला तर दुसरा आणू की."

तसं त्यानं माझा पदर दोन्ही हातानं धरला. पेढा एसटीच्या फळीवर पडला तरी त्याच्याकडं बघितलं न्हाय.

"नको," म्हणला. "तू आणायला नको जाऊ."